मॉडेल रेल्वेचा घरगुती सिग्नल: लाल विझत नाही, हिरवा लागत नाही

आधी लक्षणं. तुमच्या सिग्नलचं दुखणं यांपैकी एखाद्यात बसत असेल तरच पुढे वाचा.

• लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसतात. कधी सारखे, कधी एक ठसठशीत आणि दुसरा खोलीतला दिवा मालवल्यावर लक्षात येईल इतका मिणमिणता.
• लाल लागतो, हिरवा लागतच नाही. नवा हिरवा एलईडी घातला तरी तेच.
• गाडीचा वेग वाढवला की सिग्नलचा उजेड वाढतो, गाडी थांबली की विझतो, गाडी उलट नेली की लागायचं नाव घेत नाही.
• सांधा (गाडीची वाट बदलणारे हलते रूळ) बदलला की सिग्नल लुकलुकतो किंवा रिले (विजेनं ओढला जाणारा स्विच) तडतडतो.
• दुपारी सिग्नल आपोआप लाल होतो, संध्याकाळी शहाण्यासारखा वागतो.
• दोन-चार दिवस सगळं नीट, मग एकेक रंग गळायला लागतो.
• काहीच लागत नाही.

इथं बोलतोय ते स्वस्तातल्या घरगुती सिग्नलबद्दल. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या एरियलचा पितळी खांब, त्यावर ३ मिलिमीटरचे किंवा एसएमडी (पाय नसलेले, चिमुकले) एलईडी, रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली इनॅमलची बारीक तार, सेट-टॉप बॉक्सचा अडगळीतला १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि एक टॉगल स्विच किंवा रिले. खानापूरपासून चिकोडी-रायबागपर्यंत विहिरी-बोअरच्या मोटरी इतक्या जळतात की रिवाइंडिंगचं दुकान कुठंही सापडतं, आणि उरलेल्या तारेचं भेंडोळं ओळखीवर जवळजवळ फुकट मिळतं. एका तयार आयात सिग्नलच्या पैशात अशा रीतीनं आख्ख्या स्टेशनाचे सिग्नल उभे राहतात. निपाणीच्या एका पोराच्या घरी होम, स्टार्टर, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टर असे स्टेशनात येण्या-जाण्याचे सिग्नल सगळे आहेत; गावात रेल्वे नाही, पण माळ्यावर आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो, त्यामुळे हे सिग्नल दुरुस्तीला माझ्याकडे येतात. गर्दी दोनदा होते: गणपतीत देखाव्यांच्या वेळी आणि दिवाळीत किल्ल्यांच्या वेळी. "काका, दोन्ही पेटूलेत की!" हे वाक्य तर ठरलेलंच. या दोन हंगामांचे बिघाडही वेगवेगळे, ते ओघात येतील.

एक मात्र आधीच सांगतो. एलईडी बहुतेक वेळा निर्दोष असतो. तो डोळ्यासमोर असतो म्हणून लोक आधी तोच बदलतात, आणि त्या नादात खांबाच्या टोकावरची तार तोडून दोनाचे तीन बिघाड करतात. सर्वात नाजूक जागेला सर्वात शेवटी हात लावायचा. म्हणून खालचा क्रम सोडू नका.

पैसे न लागणारी तपासणी

खोलीतले दिवे मालवा, सिग्नल चालू ठेवा आणि गाडीच्या कंट्रोलरचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. दुखणं गेलं का राहिलं?

गेलं, तर दोष पुरवठ्याच्या सरमिसळीत आहे. राहिलं, तर सिग्नलच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये. या एका प्रश्नानं निम्मी शोधाशोध वाचते. तरीही फोन करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो विचारलेला असतो.

सिग्नल पूर्ण अंधारात असेल तर अडॅप्टरची पिन हलवून बघा, आणि अडॅप्टर नुकताच बदलला असेल तर त्यावर छापलेलं चित्र वाचा: मधला बिंदू प्लस आहे का मायनस. बहुतेकांचा मध्य प्लस असतो, काहींचा उलटा. एलईडी एकाच दिशेनं चालतो, उलट्या जोडणीत तो नुसता गप्प बसतो. पाय कापून टाकल्यावर लांब पाय कुठला ते कळत नाही, तेव्हा गोल एलईडीच्या कडेला बोट फिरवा. जिथं कड सपाट लागते ती मायनसची बाजू.

एक उपप्रश्न रंगांच्या जागेचा. रस्त्यावरचा सिग्नल डोळ्यासमोर ठेवून पुष्कळ जण लाल वर लावतात. आपल्या रेल्वेच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये लाल सगळ्यात खाली असतो, ड्रायव्हरच्या नजरेच्या जवळ. तीन दिव्यांच्या सिग्नलमध्ये वर हिरवा, मध्ये पिवळा. हा काही बिघाड नव्हे, पण "लाल लावला की वरचा लागतो" असं सांगून फोनवर माझा गोंधळ उडवू नका.

पुरवठा वेगळा करा

खर्च: नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी. सिग्नलच्या वायरी अडॅप्टरवरून काढून या बॅटरीला लावा. सिग्नल नीट चालला तर सिग्नल ठीक आहे आणि त्याला मिळणारी वीज बिघडलेली आहे.

हे इतक्या वर घेण्याचं कारण असं की रुळांना आलेलीच वीज सिग्नलला देण्याचा मोह सगळ्यांना होतो. वायर वाचते ना! पण साध्या डीसी कंट्रोलरमध्ये रुळांवरची वीज शून्य ते बारा व्होल्ट अशी वेगाबरोबर चढते-उतरते आणि गाडी मागे नेताना उलटी होते. त्यामुळे तिसरं लक्षण दिसतं. डीसीसीवर (रुळांतून विजेबरोबर इंजिनाला आज्ञाही पाठवणाऱ्या डिजिटल पद्धतीत) तर फसगत आणखी मोठी. तिथं व्होल्टेज कायम असतं म्हणून सिग्नल छान लागतो, पण त्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते. निम्मा वेळ एलईडी पेटतो आणि निम्मा वेळ उलटा दाब सोसतो. बहुतेक एलईडींना उलट दिशेनं फक्त ५ व्होल्ट झेपतात, डीसीसीच्या रुळांवर १४-१५ व्होल्ट असतात. तो लगेच मरत नाही, मंदावत जातो. "एकेक रंग गळतो" या तक्रारीचं हे एक कारण. रुळांवरूनच वीज घ्यायची असेल तर मध्ये ब्रिज रेक्टिफायर (दोन्ही दिशांची वीज एकाच दिशेची करणारा भाग) हवा. माझं मत विचाराल तर जुना अडॅप्टर शोधा आणि सिग्नलचा संसार वेगळा थाटून द्या.

सांध्याची कॉइल हाही भागीदार नको. सांधा बदलताना क्षणभर मोठा करंट ओढला जातो, त्याच अडॅप्टरवर सिग्नल असेल तर व्होल्टेज पडतं, रिले सुटतो आणि पुन्हा बसतो. ती तडतड हीच.

बटण सेल

घड्याळवाल्याकडे मिळणारा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो आणि तो फार करंट देऊ शकत नाही, म्हणून एलईडीचे दोन पाय त्याच्या दोन बाजूंना थेट टेकवले तरी एलईडी जळत नाही. खांबाच्या बुडाशी आलेल्या वायरी, पुढच्या सगळ्या जोडण्या सोडवून, या सेलला टेकवत जा. कॉमन (दोन्ही रंगांची सामाईक वायर) एका बाजूला, मग लाल, मग हिरवा. दोन्ही लागले तर खांबाच्या वरचं सगळं शाबूत आहे, तिकडे डागणी (सोल्डरिंग आयर्न) नेऊ नका. एखादा लागला नाही तर सेल उलटा धरून बघा आणि मगच तो एलईडी मेला असं म्हणा.

इथंच आणखी एक गोष्ट टिपून ठेवा: लाल वायर टेकवली असताना हिरवाही किंचित उजळतो का? किंवा हिरवी टेकवली असताना लालच लागतो का? उत्तर हो असेल तर खालचे दोन मुद्दे तुमच्यासाठीच आहेत.

रेझिस्टन्स: बहुतेक पापं इथली

हिशेब सोपा. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. अडॅप्टर १२ व्होल्टचा. उरलेले १० व्होल्ट रेझिस्टन्सनं खायचे. १० मिलिअँपिअर करंट पुरेसा आहे, म्हणून १० भागिले ०.०१, म्हणजे १००० ओहम. एक किलोओहम, पाव वॅट. दुकानात याला 'वन के' म्हणतात आणि तो सगळीकडे मिळतो.

आता अडचणी. पहिली रंगपट्ट्यांची. १ किलोओहमच्या पट्ट्या ब्राउन-काळा-लाल आणि १०० ओहमच्या ब्राउन-काळा-ब्राउन. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली या दोन्ही एकसारख्या दिसतात. १०० ओहम लागला तर एलईडीतून १०० मिलिअँपिअर जातो, तो काही दिवसांत संपतो, आणि रेझिस्टन्स एक वॅट उष्णता सोसता सोसता काळवंडतो. बोर्डाखाली करपलेला वास आला किंवा रेझिस्टन्सवरच्या पट्ट्यांचा रंग उडालेला दिसला तर शोध संपला. म्हणून पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर घ्या आणि रेझिस्टन्स लावण्याआधी मोजा. त्याच मीटरनं अडॅप्टरही मोजा. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर १२ छापलेला असूनही भार नसताना १६-१७ व्होल्ट दाखवतो. हलक्या, नव्या प्रकारच्या अडॅप्टरमध्ये ही भानगड नसते.

दुसरी अडचण खरी मजेची आहे, आणि या लेखाचं शीर्षक तिच्यावरून आहे. हिरवे एलईडी दोन जातींचे मिळतात. जुन्या जातीचा पोपटी हिरवा २.१ व्होल्टच्या आसपास लागतो. नव्या जातीचा, निळसर झाक असलेला लख्ख हिरवा ३ व्होल्टच्या पुढे लागतो. आता समजा कुठंतरी लालची आणि हिरव्याची वायर एकमेकींना लागली आहे. खांबाच्या आत, स्विचमध्ये, ओल्या मातीत, कुठंही. मग दोन्ही एलईडी समांतर जोडले गेले. लालला २ व्होल्टच पुरतात, तो पेटतो आणि व्होल्टेज २ च्या वर चढूच देत नाही. हिरव्याला ३ हवे असतात, ते त्याला कधीच मिळत नाहीत. स्विच लालवर असो वा हिरव्यावर, लागतो तो लालच. हिरवा जुन्या जातीचा असेल तर मात्र दोन्ही पेटतात.

म्हणजे "दोन्ही पेटतात" आणि "लाल विझत नाही, हिरवा लागत नाही" ही दोन वेगळी दुखणी नसून एकच आहे, फक्त हिरव्याची जात वेगळी. आता हिरवा एलईडी चार वेळा बदलून काही का होत नाही ते कळलं असेल. खात्री करायला लालची वायर बुडाशी सोडवा आणि स्विच हिरव्यावर टाका. हिरवा खणखणीत लागला की समजा, वायरी बुडाच्या खाली कुठंतरी भेटल्या आहेत; तरीही लालच लागला तर खांबाच्या आत. त्या कुठं भेटल्या ते पुढच्या मुद्द्यात.

तिसरी अडचण कंजूषपणाची. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टन्स हवा. कॉमन वायरीत एकच घालून चालतं, पण ते एका वेळी एकच दिवा लागत असेल तोवर. दुहेरी पिवळा दाखवायचा असेल किंवा फाट्यावरच्या सिग्नलला पाच पांढऱ्या दिव्यांचा रूट इंडिकेटर (गाडी कुठल्या वाटेला जाणार ते दाखवणारी रांग) बसवला असेल तर तो एकटा करंट सगळ्यांत वाटला जातो आणि दिवे रडतात. रेझिस्टन्स एक-दोन रुपयांना मिळतो. इथं काटकसर करू नका.

उजेड जुळवायचं राहिलंच. त्याच एक किलोओहमवर लख्ख हिरवा डोळे दिपवतो आणि लाल फिका वाटतो. बिघाड समजून लोक लालचा रेझिस्टन्स कमी करत जातात, ते करू नका. हिरव्याचा वाढवा: ४.७ किलोओहम, तरी जास्त वाटला तर १० किलोओहम. एचओ म्हणजे १:८७ चं प्रमाण, आणि ३ मिलिमीटरचा एलईडी त्या जगात सव्वीस सेंटिमीटरचा दिवा होतो. तो मंद असलेलाच बरा.

खांब आणि इनॅमलची तार

मीटर बझरवर (जोड असेल तर वाजणाऱ्या खुणेवर) ठेवा, एक टोक पितळी खांबाला, दुसरं प्रत्येक वायरीला आळीपाळीनं. खांब कॉमन म्हणून वापरला असेल तर फक्त कॉमनला वाजायला हवा, एरवी कुठंच नाही. दुसरीकडे वाजला तर चोर सापडला.

एरियलची नळी कापली की तिची कड पात्यासारखी धारदार राहते. इनॅमलचा थर केसापेक्षा पातळ. तार नळीत ओढताना तो खरवडला जातो आणि दोन खरवडलेल्या तारा खांबाच्या पितळेमार्फत एकमेकींना भेटतात. बोर्ड हलला, गाडी धडधडत गेली की कधी टेकतात, कधी सुटतात. म्हणूनच हा बिघाड तुमच्यासमोर दिसतो आणि माझ्यासमोर दिसत नाही.

उपाय: नळीची दोन्ही तोंडं बारीक कानशीनं आणि मग खिळ्याचं टोक आत फिरवून गुळगुळीत करा. तारा ओढण्याआधी तोंडाशी हीटश्रिंकचा (तापवल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा) छोटा तुकडा बसवा. तारा ओढून झाल्यावर, एलईडी जोडायच्या आधी, बझर लावा. नंतर लावलात तर सगळं उसवावं लागतं.

याच तारेचा उलटा बिघाडही तितकाच नेहमीचा. टोकावरचं इनॅमल पुरतं निघालेलं नसतं, डाग वरवर बसलेला असतो आणि करंट जात नाही. डाग चकचकीत दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही. तारेचं टोक ब्लेडनं चहूबाजूंनी खरवडा किंवा बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून ओढा, त्याला आधी एकट्यालाच कथील चढतं का बघा, मग जोडा. कथील थेंब होऊन घरंगळलं तर इनॅमल अजून आहे.

एसएमडीच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे. ०८०५ मापाचा एलईडी २ मिलिमीटर बाय सव्वा मिलिमीटरचा असतो. चष्म्याचा नंबर असेल आणि डागणी जाड टोकाची असेल तर झगडू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मायक्रोस्कोप आणि बारीक टोकाची डागणी असते. त्याच्याकडून एकदम डझनभर एलईडींना तारा जोडून घ्या. पैसे जातात, पण जाळलेल्या एलईडींपेक्षा कमी.

ओल

गणपतीतले बिघाड हे. जून ते सप्टेंबर बेळगावात आणि त्याहून जास्त खानापूर-लोंढ्याकडे प्लायवूड कोरडं असं नसतंच. त्यात डब्यातली पिवळी पेस्ट लावून डाग दिलेले असतील तर पेस्टचा उरलेला चिकटा हवेतली ओल धरतो आणि शेजारच्या दोन डागांमधून बारीकसा करंट वाहू लागतो. आजकालचे एलईडी इतके कार्यक्षम आहेत की काही मायक्रोअँपिअरवरही अंधारात दिसतात. मिणमिणता दुसरा रंग पावसाळ्यात येतो आणि उन्हाळ्यात आपोआप बरा होतो, तो यामुळे.

डाग जुन्या टूथब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासा, पूर्ण वाळू द्या. पेस्ट टाकून द्या, पोटात रोझिन असलेलं कथील आणा. एवढं करूनही मिणमिण राहिली तर त्या एलईडीच्या दोन पायांना समांतर १० किलोओहमचा रेझिस्टन्स लावा. गळका करंट एलईडीऐवजी त्यातून निघून जातो, आणि नेहमीच्या उजेडात काही फरक पडत नाही. तो घेतो जेमतेम ०.२ मिलिअँपिअर.

दिवाळीच्या किल्ल्यातली ओल आणखी कडक. अंगणातली माती ओली, वर रोज पाणी मारायचं कारण मोहरी-आळीव उगवायचे असतात, आणि त्याच मातीतून उघडे जोड असलेल्या वायरी गेलेल्या. ओली माती वीज वाहून नेते, आणि एकाच दिशेच्या विजेत प्लसची तार झिजत जाते. दोन-तीन दिवसांत जोडावर हिरवट चिकटा दिसतो आणि तार हातात तुटून येते. मातीत एकही जोड ठेवू नका. सगळे जोड मातीच्या वर, थर्मोकोलच्या तुकड्यावर किंवा खांबाच्या बुडाशी प्लास्टिकच्या झाकणात.

स्विच, रिले, आर्डुइनो

इथवर आलात म्हणजे खांब, तार, पुरवठा सगळं निर्दोष ठरलं. टॉगल स्विच स्वस्त असतो, शंका आली तर बदला, वाद नको. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड आहे का बघा: १एन४००७, पांढरी पट्टी प्लसकडे. तो नसेल तर रिले सुटताना उठणारा झटका शेजारच्या आर्डुइनोला (प्रोग्रॅम घालून चालवायच्या छोट्या बोर्डाला) गोंधळात टाकतो.

आर्डुइनोवरचा एक बिघाड मात्र पुनःपुन्हा येतो. आर्डुइनो ५ व्होल्टचा, एलईडी १२ व्होल्टवर, आणि मध्ये प्लसच्या बाजूला पीएनपी ट्रान्झिस्टर. पिन 'हाय' केली की ट्रान्झिस्टर बंद व्हायला हवा, पण त्याच्या दृष्टीनं ५ व्होल्ट हे १२ पेक्षा खूप खालचेच आहेत. तो चालूच राहतो, सगळे रंग कायम पेटलेले. प्रोग्रॅम कितीही तपासा, चूक सापडणार नाही, कारण ती प्रोग्रॅममध्ये नाहीच. कॉमन प्लस ठेवा आणि मायनसच्या बाजूला यूएलएन२००३ ही आयसी घाला. सात दिवे सांभाळते, ५ व्होल्टच्या इशाऱ्यावर चालते, रिलेचे डायोड तिच्या पोटातच आहेत. आर्डुइनोचा ग्राउंड आणि १२ व्होल्टचा मायनस एकमेकांना जोडलेले हवेत, हेही बघा. एलईडी थेट पिनवर असतील तर ३३० ओहम घाला आणि एका पिनेवर २० मिलिअँपिअरच्या वर जाऊ नका.

दुपारी लाल होणारा सिग्नल हा इन्फ्रारेड सेन्सरचा. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन रुळांवर आलं की सेन्सरला गाडी आल्यासारखं वाटतं. मंडपातल्या हॅलोजनचंही तेच. हातानं सावली धरून बघा. सेन्सरच्या डोळ्यावर काळ्या हीटश्रिंकची नळी चढवली आणि बोर्डावरचा छोटा स्क्रू थोडा मागे फिरवला की बहुतेक वेळा भागतं.

इथं थांबा

वरचं सगळं अडॅप्टरच्या अलीकडचं, कमी व्होल्टचं आहे, त्यात चुकलात तर फार तर एखादा सुटा भाग जाईल. खालच्या गोष्टी दिसल्या तर हात मागे घ्या.

रुळांना किंवा खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, अडॅप्टर गुणगुणतोय, चटका बसेल इतका तापतोय किंवा त्याला जळका वास येतोय: आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग बाहेर. अडॅप्टर उघडून बघायचा नाही, तो फेकायचा. सॉकेट काळवंडला असेल किंवा अर्थिंगची शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेल्या संचाचा पॉवर पॅक १२० व्होल्टचा असू शकतो. नुसता पिनेचा कन्व्हर्टर लावून तो आपल्या २३० व्होल्टवर लावू नका. त्याला योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो निवडणं जाणकाराचं काम.

सगळे सिग्नल सोडवूनही डीसीसी स्टेशन (रुळांना डीसीसीची वीज देणारा डबा) पुनःपुन्हा ट्रिप होत असेल तर दोष सिग्नलचा नाही. त्याचं संरक्षण वायर टाकून बगल देऊन चालू करू नका. विक्रेत्याच्या सर्व्हिसकडे पाठवा. इंजिनातल्या डीकोडरचंही (डीसीसीच्या आज्ञा ओळखणाऱ्या बोर्डाचंही) तसंच.

सार्वजनिक मंडपात देखावा असेल तर मंडपाची वीज परवानाधारक इलेक्ट्रिशियननंच जोडलेली हवी, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचसह). पावसात लोखंडी पाइप, ओलं गवत आणि गर्दी एकत्र असते. आणि पोरांच्या किल्ल्यात घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढायचाच नाही. तिथं बॅटरी. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

परत जोडताना लाल आधी

दुरुस्ती करून तीच जुनी जोडणी पुन्हा करू नका. बहुतेक घरगुती सिग्नलमध्ये गाडी आली की रिले ओढला जातो आणि लाल लागतो, एरवी हिरवा. म्हणजे वायर तुटली, सेन्सर मेला, रिले बंद पडला, तरी सिग्नल खुशाल हिरवा दाखवत राहतो आणि बिघाड झालाय हे तुम्हाला गाड्या आपटल्यावर कळतं.

खऱ्या रेल्वेत हे उलटं आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सननं जे बंद (क्लोज्ड) ट्रॅक सर्किट आणलं, त्यात रुळांमधून वाहणारा करंट रिलेला सतत धरून ठेवतो. गाडीचा धुरा दोन रूळ जोडतो, रिलेचा करंट जातो, रिले सुटतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली किंवा वायर तुटली तरीही लालच. आणि सिग्नलवर कुठलाच दिवा नसेल तर ड्रायव्हर तो सर्वात कडक इशारा समजतो. बेळगावातल्या टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर ताटकळून चिडलेल्या माणसालाही हा नियम मान्य असतो.

आपल्या रुळांमधून इंजिनाचीच वीज वाहते, त्यामुळे रॉबिन्सनचं सर्किट जसंच्या तसं उचलता येत नाही, पण तत्त्व उचलता येतं. इन्फ्रारेड सेन्सर मॉड्यूल गाडी नसताना 'हाय' देतं. ते आउटपुट १० किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर रिले मॉड्यूलच्या इनपुटला. 'लो'वर ओढलं जाणारं मॉड्यूल हवं, बाजारात बहुतेक तसंच मिळतं. आता रस्ता मोकळा असतो तेव्हा रिले ओढलेला राहतो आणि गाडी आली की सुटतो. लालची वायर एनसीवर (रिले सुटलेला असताना जोडलेल्या टोकावर), हिरव्याची एनओवर (रिले ओढल्यावर जोडल्या जाणाऱ्या टोकावर).

जोडून झालं की रिकाम्या रुळावर हिरवा येऊ द्या आणि सेन्सरचा प्लग उपटा. लाल लागला पाहिजे. रिकाम्या रुळावर लाल आणि प्लग उपटल्यावर हिरवा असं उलटं झालं तर एनसी आणि एनओच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत, त्या फिरवा, पुन्हा प्लग उपटून बघा आणि मगच बोर्डाचे स्क्रू आवळा.